दुःखाची झडती

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. बैल सजून येतात, डफडं वाजायला लागतं, आणि तोरण तुटायच्या आधी गर्दीतून कुणीतरी हात वर करून झडती म्हणतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, झडती म्हणजे चार-सहा ओळींचं यमक जुळवलेलं कवन. म्हणणारा एकटा असतो. शेवटच्या ओळीला सारं गाव त्याला साथ देतं. मी सहावीत होतो त्या वर्षी शेजारच्या काकांनी म्हटलेली झडती मला अजून पाठ आहे :

पेरलं तवा पानी नाई, पिकलं तवा भाव,
सातबाऱ्यावर बँकेचं, बैलावर सावकाराचं नाव,
मालक मालक म्हनते मले सारं गाव,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

ज्याच्याकडून काकांनी बैलांसाठी पैसे उचलले होते तो सावकार तिथंच, दहा हातांवर उभा होता. एरवी त्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसणारा माणूस भर गर्दीत हे बोलला. गावानं 'महादेव' म्हणून त्याला दाद दिली. दिवेलागणीला काकांचे बैल त्याच सावकाराच्या दारात गेले, तेव्हा त्यानंही रीतीप्रमाणे बोजारा, म्हणजे बैल दारात आणणाऱ्याला देतात ते पैसे, दिला. कर्ज एका रुपयानं कमी झालं नाही. पण त्या रात्री काका आमच्या ओसरीवर बसून पोट धरून हसत होते, आणि त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

झडतीचा दुसरा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोलीस घराची झडती घेतात. ट्रंका उघडतात, कागद तपासतात, प्रश्न विचारतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विदर्भातल्या दुःखाची ही दुसरी झडती पुष्कळ झाली. पहिली मात्र वर्षागणिक कमी होत गेली. मला जे म्हणायचं आहे ते या दोन झडत्यांबद्दल आहे.

२००९ च्या हिवाळ्यात माझे मामा गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यात त्यांचं पाच एकर कोरडवाहू वावर होतं. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, थोडी ज्वारी. कसे गेले ते लिहीत नाही, ते लिहून कुणाचं भलं होत नाही. पुढचे तीन दिवस मी त्या घरी होतो आणि तिथं पाहिलेली एक गोष्ट माझ्या मनातून आजवर गेलेली नाही.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. शहरातल्या माणसाला ते ऐकवत नाही. पण कान देऊन ऐकलं तर कळतं की ते नुसतं रडणं नसतं, ते सांगणं असतं. गेलेल्यानं लग्नात कोणतं लुगडं आणलं, कोणत्या साली पेरणी केली, शेवटचा चहा कसा अर्धा ठेवला, असं सगळं त्या हेलात येतं. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडते, तिच्याबरोबर ते सांगणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात एखादी नवी ओळ पडते. माझी आजी गेली तेव्हा माझ्या आईनं तीन दिवसांत आजीचं अख्खं चरित्र असं रडून सांगितलं. कुणी शिकवलेलं नसताना, कागदाला हात न लावता रचलेलं ते काव्य होतं. मी त्याला काव्यच म्हणतो.

मामाच्या वेळी ते झालं नाही. देह तालुक्याला नेला होता, दारात पोलीस होते, आणि मामीनं पहिला हेल काढला तसा घरातलाच एक वडीलधारा माणूस तिला म्हणाला, "आता रडू नको बाई. तलाठी येईन. कर्ज किती, कोनाचं, तगादा कवा आला, हे नीट आठवून ठेव. केस पात्र झाली पायजे." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. घरात दोन लहान पोरं होती. शासनाच्या २००६ च्या निर्णयाप्रमाणे मदत मिळते एक लाखाची, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. आणि ती मिळायला नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि फेडीचा तगादा हे सगळं सिद्ध व्हावं लागतं. तेव्हा मामीनं रडणं गिळलं आणि आकडे पाठ केले. तलाठ्यापुढे, मग पोलिसांपुढे, मग एका पत्रकारापुढे, मग एका पुढाऱ्यापुढे तिनं तेच आकडे त्याच क्रमानं सांगितले. मामाचं कर्ज कृषी केंद्राच्या उधारीचं आणि बिनपरवान्याच्या सावकाराचं निघालं. दोन महिन्यांनी कागद आला : अपात्र.

ज्या बाईनं नवऱ्याच्या मरणाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली, तिला ती एकदाही स्वतःसाठी सांगता आली नव्हती. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला काहीतरी तपासायचं होतं.

विदर्भातल्या गावांना आज दुःख सांगायची अशी जागा हवी आहे जिथं काहीच सिद्ध करावं लागत नाही. अशा जागा आपल्याकडे होत्या. त्यांना भजन, झडती, पोरींची भुलाबाईची गाणी, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, अशी नावं होती. त्या केवळ करमणुकीच्या नव्हत्या. त्या मोडत चालल्या आहेत आणि त्या मोडण्याची नोंद आपल्या आरोग्याच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. त्या पुन्हा उभ्या करणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम समजावं, त्यासाठी गावानं जागा आणि शासनानं थोडा पैसा द्यावा, अशी माझी मागणी आहे.

मामी पुढे चार वर्षं फारशी बोलली नाही. वेचणीला जायची, यायची, पोरांना वाढायची. मग गल्लीतल्या एका म्हातारीनं तिला तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाला ओढून नेलं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं, डोहाळजेवणाला नव्हतं. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्यानं तसं परिपत्रकही काढलं, पण मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, आणि परिपत्रक आमच्या गल्लीत आजही पूर्ण पोचलेलं नाही. भजनाला मात्र कपाळ पाहून आत घेत नाहीत. मामी आधी नुसती मागं बसली. मग टाळ वाजवायला लागली. वर्षभरानं खंजिरी हातात घेतली. मी एकदा तिला विचारलं, मामी, तुला तिथं काय मिळतं? ती म्हणाली, "मले रडाले जागाच नव्हती रे बाबू. भजनात डोये पुसले त कोनी काऊन म्हनून इचारत नाई."

हे वाक्य मी बऱ्याच अहवालांपेक्षा मोलाचं मानतो.

खंजिरीचं आणि आमच्या मुलखाचं नातं तुकडोजी महाराजांनी बांधून दिलं. यावलीचा हा माणूस १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारून बसला आणि तिथून त्यानं गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्या जातींनी एकत्र बसायचं, एका सुरात म्हणायचं, मग गावाच्या गोष्टी बोलायच्या. त्यांच्या ग्रामगीतेत सफाईपासून शेतीपर्यंत ४१ अध्यायांत गावाचा विचार आहे, पण मला त्या ग्रंथाइतकीच त्यांची ही रीत महत्त्वाची वाटते. ज्याला गाता येत नाही तोही तिथं बसू शकतो, कारण समूहाच्या आवाजात एकाचा बेसूर आवाज लपतो. रडणंही लपतं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मी अनेकदा ऐकला आहे. शेतकरी संघटनेत आयुष्य घालवलेले आमचे एक काका मला स्वच्छ म्हणाले, "मास्तर, भजनं म्हनून कापसाले भाव येते का?" येत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, तेही आमची पऱ्हाटी वावरात उभी असताना. या निर्णयावर कोणतंही भजन हा उतारा नाही. २०१७ मध्ये बोंडअळीनं आमची बोंडं खाल्ली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली. त्यावर उपाय बियाणं, औषधं, दवाखाने आणि जबाबदारी यांचाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या, त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. हे मरण मनात सुरू होत नाही. ते बाजारात, पाण्यात आणि बँकेत सुरू होतं. कुणी उद्या हा लेख दाखवून 'भाव नको, भजन घ्या' म्हणालं तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

पण काकांच्या आक्षेपात आणखी एक गृहीत दडलेलं आहे : गाणारा माणूस थंड होतो, लढत नाही. विदर्भाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीला लोक उठले, तेव्हा त्यांच्या ओठी तुकडोजींची भजनं होती. महाराजांना त्या वर्षी तुरुंगात टाकलं ते उगाच नाही. आणि पोळ्याच्या झडतीत सावकाराचं, मंत्र्याचं, बियाणं कंपनीचं जसं नाव निघतं तसं निवेदनातही निघत नाही. ज्याचा आवाज वर्षानुवर्षं घशातच राहिला तो मोर्च्यात येत नाही, तो घरात बसतो. बोलता आलेला माणूसच पुढे मागणी करतो. मामी आज बचत गटाच्या बैठकीत बँकेच्या साहेबाला उलट प्रश्न विचारते. चार वर्षं मुकी असलेली बाई ती हीच.

विज्ञान काय म्हणतं हेही पाहायला हवं, कारण श्रद्धेच्या भरात जास्त दावा करणं सोपं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत बोचणाऱ्या प्रसंगावर लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला किरकोळ विषय दिले. ज्यांनी बोचणारं लिहिलं त्यांना लिहून झाल्यावर आधी जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतर या पद्धतीवर ढीगभर अभ्यास झाले. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम खरा पण लहान निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास धुंडाळून, कलेचा उपयोग होतो, असा निष्कर्ष काढला. म्हणजे ही गोळी नव्हे की घेतली आणि उतरलं. लहान पण खरा आधार आहे, आणि आधी त्रास वाढण्याची शक्यताही आहे. म्हणूनच दुःखाला हात घालून माणसाला एकटं सोडून देणं धोक्याचं. कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.

पेनेबेकरांची रीत जशीच्या तशी आमच्या गावात चालत नाही, हे मी करून पाहिलं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. बचत गटातल्या लिहिता येणाऱ्या पाच-सहा बायांना मी वह्या दिल्या आणि म्हटलं, मनातलं लिहा. पंधरा दिवसांनी वह्या कोऱ्या. एकीनं कारण सांगितलं : वही दिराच्या हाती लागली तर? मला तेव्हा लख्ख कळलं. गावात कागद हा पुरावा असतो. सातबारा कागद, नोटीस कागद, अपात्र केल्याचा कागद. ज्या वस्तूनं आयुष्यभर अडवलं तिच्यावर मन मोकळं कसं करायचं?

आमच्या जुन्या रूपांनी ही अडचण केव्हाच ओळखली होती. भुलाबाई घ्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर विदर्भात आणि खानदेशात पोरी रोज संध्याकाळी भुलोजी-भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायचा खेळ रंगतो. त्या गाण्यांमध्ये सासू आहे, नणंद आहे, न मिळालेली माहेरची वाट आहे. पण तक्रार करते ती भुलाबाई. गाणाऱ्या पोरीला कुणी पकडू शकत नाही. काही झडत्यांतही रडतो तो महादेव, फाटकं नेसते ती पार्वती; शेतकरी फक्त त्यांचं नाव घेतो. जात्यावरच्या ओवीत बाई सीतेचा वनवास गाते आणि ऐकणाऱ्या बायांना तो कोणाचा वनवास ते बरोबर कळतं. दुसऱ्याच्या नावानं आपलं सांगायचं आणि सांगून झालं की हवेत विरून जाऊ द्यायचं. मागं पुरावा उरत नाही, हलकेपणा तेवढा उरतो. ज्या गावात उद्या सकाळी त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं तिथं या आडोशाशिवाय दुःख बोललं जात नाही. परक्या पद्धती आणण्याआधी हे शहाणपण आपण नीट समजून घ्यायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत मारबतीचा पुतळा शिवेबाहेर नेणारी पोरंही तेच करतात. घरात काय पीडा आहे ते प्रत्येकाचं त्याला ठाऊक.

पूर्वेकडच्या झाडीपट्टीनं हे आणखी मोठ्या मांडवात केलं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि वडसा-देसाईगंजातल्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच पुण्या-मुंबईकरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. मी एकदा थंडीत घोंगडं पांघरून असं नाटक पाहिलं. रंगमंचावर बाप पोरीला निरोप देत होता, आणि माझ्या शेजारचा धिप्पाड गडी टॉवेल तोंडाला लावून हुंदके देत होता. त्याचं काय होतं कुणास ठाऊक. आमच्याकडे पुरुषाला रडायला एवढाच परवाना मिळतो : तिकीट काढून, अंधारात, दुसऱ्याच्या पोरीसाठी. या हंगामामुळं तिकडे आत्महत्या कमी होतात असं मी म्हणणार नाही. धानाचं आणि कापसाचं अर्थकारण वेगळं, आणि दोन्हीकडे दुःख आहे. पण कापसाच्या पट्ट्यात आम्हाला असा रडण्याचा हंगाम नाही, ही उणीव मला जाणवते.

मग कलेच्या नावानं आमच्याकडे येतं काय? जीपमधून पथनाट्य येतं. शहरातली चांगली, मनापासून काम करणारी पोरं 'शेतकरी बांधवांनो, खचून जाऊ नका' म्हणतात, गाव टाळ्या वाजवतं, कुणीतरी फोटो काढतं आणि जीप पुढच्या गावाला जाते. त्या पोरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्याला रोज उपदेश मिळतो त्याला आणखी एक उपदेश, आणि तोही माईकवरून, कशाला हवा? गावाला ऐकवणारे खूप झाले. गावाचं ऐकणारं कोण?

याचं उलट उदाहरण आपल्याच विदर्भात घडलं. 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरातल्या बाया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक झाल्या. त्या आधी नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण रद्द केल्यावरून जो वाद झाला तो सर्वांना आठवत असेल. माझ्या लक्षात राहिला तो त्या मंचावरून बोलणाऱ्या बाईचा न कापणारा आवाज. मराठीत 'पात्र' शब्दाला दोन अर्थ आहेत. शासनाच्या तक्त्यात पात्र-अपात्र ठरवताना बाईच्या हाती काही नसतं. नाटकातलं पात्र मात्र ती स्वतः होते, आणि कोणतं वाक्य कुठं थांबवायचं हे तिच्या हाती असतं. कहाणी तीच, पण आता ती सांगणारीच्या ताब्यात आहे. बरं वाटणं सुरू होतं ते इथून, असं मला वाटतं.

मुलांकडे तर आपलं लक्षच नाही. माझ्या वर्गात बाप गेलेली पोरं दर वर्षी एक-दोन असतातच. त्यांना आपण गणवेश देतो, वह्या देतो, आणि निबंधाला विषय देतो : 'माझे बाबा'. हा निबंध मी द्यायचं बंद केलं. दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आधी वर्गात मातीचे बैल करायला घेतले. चौथीतल्या एका मुलानं सुरेख जोडी केली, पण डाव्या बैलाचं शिंग अर्धं तुटलं होतं. मी ओली माती लावून ते नीट करायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला. "असू द्या न सर, आमचा ढवळ्या असाच व्हता." बाप गेल्यावर जोडी विकली होती हे मला त्या दिवशी कळलं. नंतर तो अर्धा तास ढवळ्याबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलता बापाबद्दल. चार महिने तो वर्गात जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या अर्ध्या तासात बोलला. मी काही केलं नव्हतं, फक्त माती आणली होती आणि शिंग जोडायचं थांबलो होतो.

शासनानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, मन उदास आहे का विचारतात, फोनवर सल्ल्यासाठी १०४ क्रमांक आहे, आता १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांकही आहे. ज्याची आठवडेच्या आठवडे झोप उडाली आहे, ज्याच्या तोंडी मरणाची भाषा येते, त्याला भजनाला नेण्याआधी डॉक्टरकडे न्यायचं, यात तडजोड नाही. पण आशाताईचा फॉर्म हीसुद्धा झडतीच आहे, मायेनं घेतलेली असली तरी. 'मन उदास आहे का' या प्रश्नाला आमच्या गावचा माणूस 'नाई, बरं हाय' हेच उत्तर देतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी गावाच्या भाषेत, गावच्या बैठकीत मनाबद्दल बोलणं सुरू केलं, आणि नैराश्यानं ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चारवरून सत्तावीसवर गेलं. म्हणजे बोलायला उंबरठा जवळ हवा. भजनाची दरी, म्हणजे बसायची सतरंजी, हा आमच्याकडचा सर्वांत खालचा उंबरठा आहे. आशाताईनं फॉर्म बाजूला ठेवून तिथं महिन्यातून दोनदा नुसतं येऊन बसावं आणि त्या बसण्याचा मोबदला तिला मिळावा. कोण गप्प झालं आहे हे तिला कागदापेक्षा तिथं लवकर कळेल.

खर्च फार नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, दरी, पेटी, चार खंजिऱ्या, पोरांसाठी माती आणि रंग. हजेरीपट नको. फोटो तर नकोच. ज्या दिवशी योजनेच्या अहवालाला फोटो लागेल त्या दिवशी मामी तिथं रडणार नाही. पोळ्याच्या तोरणाखाली डीजे बंद ठेवून अर्धा तास झडत्यांना द्यावा, बैल उरले नसतील तर ट्रॅक्टर उभे करून द्यावा. आणि तिथं बायांनीही झडती म्हणावी. आमच्याकडे ती पुरुषच म्हणतात. वावरात जास्त राबते कोण हे सर्वांना माहीत असून.

यातलं पहिलं, म्हणजे खोली, मागायला आम्ही गेल्या वर्षी मामीच्या गावच्या ग्रामसभेत अर्ज दिला. समाजमंदिर झेंडावंदनाला आणि निवडणुकीला उघडतं, एरवी कुलूप असतं. किल्ली कोणाकडे आहे यावर तीन बैठका झाल्या. अजून ती मिळालेली नाही. तोवर बाया मामीच्या ओसरीवरच जमतात, दर गुरुवारी, स्वयंपाक आटोपून. परवा पाऊस लागला आणि ओसरी गळायला लागली. दमट हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं, आवाज उठत नाही. मामीनं चारही खंजिऱ्या उचलल्या, आत चुलीच्या आरावर एकेक शेकली, बोटानं वाजवून पाहिली, आणि सर्वांत नीट लागलेली त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या एका तरण्या पोरीच्या हाती दिली.